सत्तर मिनिटं एका पायावर

पुण्यात फिजिओथेरपी शिकून मी नॉटिंगहॅमला नोकरीला आले, तेव्हा मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. कॉलेजात मी खो-खो खेळले होते, त्यामुळे गुडघा मुरगळणं म्हणजे काय ते स्वतःच्या पायावरून माहीत होतं. बाकी आमच्या घरात खेळ म्हणजे क्रिकेट, आणि तेही बाबांच्या रेडिओवरचं.

हॉस्पिटलच्या कम्युनिटी टीममध्ये माझी नेमणूक झाली होती. ऑपरेशन होऊन घरी गेलेल्या पेशंटांच्या घरी जायचं, व्यायाम करून घ्यायचे, कोण किती चालतंय ते लिहायचं आणि सहा आठवड्यांनी केस बंद करायची. दोन हजारनंतरची ती पहिलीच काही वर्षं. माझ्या यादीत एक म्हातारा होता. वय सत्तरीच्या पुढे, बायको वारलेली, मूलबाळ नाही. डावा गुडघा बदललेला. घर एका चढावरच्या रस्त्यावर, एकमेकांना चिकटून असलेल्या विटांच्या घरांच्या ओळीत. कौन्सिलने दाराशी कठडा बसवून दिला होता आणि पलंग खाली बैठकीच्या खोलीत आणून ठेवला होता.

दार उघडल्या उघडल्या तो मला ‘डक’ म्हणाला. मला वाटलं, क्रिकेटमधलं शून्य. पुढे कळलं, त्या भागातली जुनी माणसं सगळ्यांनाच प्रेमाने ‘डक’ म्हणतात. बस कंडक्टरला, नर्सला, पोस्टमनला. मी त्याच्याशी बोलायचे ती भाषा इंग्रजी, पण मनातल्या मनात मी त्याला ‘तुम्ही’ म्हणत असे आणि तो मला ‘तू’.

पहिल्याच दिवशी त्याचा गुडघा पाहताना मला दोन खुणा दिसल्या. नव्या ऑपरेशनची उभी, लालसर रेघ मधोमध होती. तिच्या आतल्या बाजूला दुसरी होती. जुनी, पांढरी पडलेली, हुकासारखी वळलेली. मी विचारलं, ही कसली?

“कामावरची,” तो म्हणाला.

मला वाटलं कोळशाच्या खाणीतली, कारण त्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या अंगावर खाणीच्या खुणा असतात. तर म्हणाला, खाण नाही, फुटबॉल. तो फुटबॉलर होता, पगारी. मी ‘अरे वा’ म्हटलं आणि गुडघा किती अंशात वाकतोय ते लिहून घेतलं. पेशंट काहीतरी सांगत असतात, आपण अरे वा म्हणतो. त्यापुढची त्याची हकिगत मला पाच आठवड्यांत तुकड्या-तुकड्यांनी कळली. व्यायाम करताना दुखायला लागलं की तो बोलायला लागायचा.

पंधराव्या वर्षी तो जवळच्याच एका गावाच्या क्लबात लागला. क्लब छोटा, थर्ड डिव्हिजनमधला. सुरुवातीला काम म्हणजे स्टँडच्या बाकांना रंग द्यायचा, मोठ्या खेळाडूंचे बूट घासायचे, मैदानावरचं पाणी झाडूने लोटायचं. सतराव्या वर्षी त्याला खेळाडू म्हणून घेतलं. मधे सक्तीची लष्करी नोकरी झाली. परत आला तो दुसऱ्या फळीच्या संघात. त्याची जागा होती लेफ्ट हाफ, म्हणजे मैदानाच्या मधल्या पट्ट्यात डावीकडे. समोरच्याकडून बॉल काढून घ्यायचा आणि आपल्या पुढच्या माणसाला द्यायचा. नाव व्हावं अशी ती जागा नव्हतीच. आणि त्या जागेवर पहिल्या संघात एक जण आधीपासून होता, याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, याच्यापेक्षा चांगला. हे तो स्वतःच सांगायचा. “तो चांगला होता. मी फार तर बरा होतो.” तो माणूस आजारी पडला किंवा जखमी झाला की याला बोलावणं यायचं. सात वर्षांत पहिल्या संघाकडून तो मोजून सव्वीस सामने खेळला. गोल एकही नाही.

त्यातला सव्विसावा सामना कपचा होता. कप स्पर्धेत मोठेपण-छोटेपण नसतं, चिठ्ठी निघेल त्याच्याशी खेळायचं. यांच्या छोट्या क्लबाला चिठ्ठीत सगळ्यात वरच्या, फर्स्ट डिव्हिजनचा एक संघ आला, आणि सामना त्यांच्या मैदानावर. गावातून खास बस गेल्या. सकाळी कळलं की नेहमीच्या लेफ्ट हाफला ताप भरलाय, तो घरीच राहिलाय. मॅनेजरने याला सांगितलं, आज तू.

त्याचा गुडघा त्याआधीच महिनाभर अडकत होता. चालता चालता एकदम खिट्टी लागल्यासारखा घट्ट व्हायचा. कोणालाही त्याने ते सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर दुसऱ्या संघातूनही गेला असता. त्या सकाळीही सांगितलं नाही.

विसाव्या मिनिटाला तो वळला, बुटाचे खिळे चिखलात रुतले, आणि शरीर वळलं पण पाय वळला नाही. तेव्हा बदली खेळाडू घेत नसत. जायबंदी झालेला माणूस बाहेर गेला तर संघ दहाच जणांनी खेळायचा. म्हणून जो उभा राहू शकतो त्याला कडेला, विंगवर नेऊन उभं करायचे. निदान समोरच्यांचा एक माणूस त्याच्यावर लक्ष ठेवण्यात अडकून राहतो. ट्रेनरने बादलीतला गार पाण्याचा स्पंज गुडघ्यावर दाबला आणि त्याला डाव्या कडेला उभं केलं. तिथे तो उरलेली सत्तर मिनिटं एका पायावर होता. बॉल त्याच्याकडे तीनदा आला. एकदा त्याने दुखऱ्या पायावर भार टाकून चांगल्या पायाने बॉल मधे मारला, यांच्याच पुढच्या फळीतल्या एकाने डोकं लावलं आणि बॉल गोलच्या खांबाला लागून परतला. एका गोलने हरले.

“कठड्यापलीकडे एक माणूस उभा होता,” त्याने मला सांगितलं. “त्यांचा पाठीराखा, आमचा नव्हे. त्याने वाकून माझ्या हातात पेपरमिंटची गोळी दिली. म्हणाला, चघळ, दुखणं जरा कमी होईल. कमी काही झालं नाही.”

हे सांगताना मी त्याची टाच हातात धरून पाय सरळ करत होते. तो कण्हला नाही. मला वाटतं त्या दिवसापासून मी त्याचं नीट ऐकायला लागले.

पुढचं लवकर संपतं. गुडघ्यातली फाटलेली कूर्चा काढली, तीच ती हुकासारखी खूण. चार महिन्यांत परत खेळायला लावलं, पण ते काही जमलं नाही. मोसमाच्या शेवटी क्लब कोणाकोणाला ठेवणार त्यांची यादी दारावर लागायची. त्यात त्याचं नाव नव्हतं. पंचवीस वर्षांचा होता. खाणीने पायामुळे घेतलं नाही. मग एका होजिअरीच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागला आणि तिथूनच रिटायर झाला. सगळा भार पन्नास वर्षं उजव्या पायाने उचलला, त्यामुळे तोही गुडघा गेला होता. त्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षी व्हायचं होतं.

सहा आठवड्यांनी मी केस बंद केली. त्यानंतर पेशंटकडे जायचं नसतं, तसा नियमच आहे. पण त्याने एका कामासाठी मला विनंती केली होती. क्लबने आपल्या इतिहासाचं एक पुस्तक काढलं होतं, शेजाऱ्याने ते त्याला आणून दिलं. मागे सगळ्या सामन्यांच्या याद्या होत्या. त्याच्या नावापुढे पंचवीस सामने लिहिले होते. कपचा तो सामना त्या दुसऱ्याच्या, ताप आलेल्या माणसाच्या नावावर होता. याच्या हाताला आता कंप होता. त्याला क्लबला पत्र लिहायचं होतं.

मी ऑफिसात कोणाला न सांगता एका शनिवारी गेले आणि पत्र लिहिलं. क्लबच्या सेक्रेटरीचं उत्तर सभ्य होतं. पुस्तकातली यादी त्या दिवशी मैदानावर विकलेल्या, खेळाडूंची नावं असलेल्या छापील पत्रकावरून आणि वर्तमानपत्रावरून घेतली आहे. क्लबचे स्वतःचे जुने कागद ऑफिसात पाणी शिरलं तेव्हा गेले. काही पुरावा असेल तर पाठवावा, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू.

मी त्याला सेंट्रल लायब्ररीत घेऊन गेले. मायक्रोफिल्मच्या मशीनसमोर आम्ही दोघं बसलो, तो चष्मा लावून, मी चक्र फिरवत. सामन्याची बातमी सापडली. गावच्या साप्ताहिकाने स्वतःचा माणूस पाठवलाच नव्हता, मोठ्या शहरातल्या पेपरची बातमी उतरवून घेतली होती. आणि त्या पेपरवाल्याने नावं पत्रकावरून घेतली होती. पत्रक दोन दिवस आधी छापलेलं. बातमीत लंगडणाऱ्या लेफ्ट हाफच्या हिमतीवर तीन ओळी होत्या. नाव दुसऱ्याचं.

ते वाचल्यावर तो म्हणाला की माईकवरून बदल सांगितला होता, त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला होता. मग म्हणाला, “बायकोने त्या आठवड्याचा पेपर विकत आणला होता. मी दवाखान्यात होतो. तिने तो मला कधी दाखवला नाही. मला वाटलं होतं बातमीच आली नसेल.”

मी पुन्हा सेक्रेटरीला लिहिलं. उत्तर आलं की त्या संघातल्या कोणी लेखी सांगितलं तरी चालेल. अकरापैकी याच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. पण तो दुसरा, ताप आलेला, जिवंत होता. बर्मिंगहॅमला मुलीकडे राहत होता. म्हाताऱ्याने पत्ता शोधून ठेवला होता, पण जायला तयार नव्हता. म्हणाला, राहू दे. इतकी वर्षं झाली, त्याला काय त्रास द्यायचा.

मीच हट्ट धरला. हे मला लिहायलाच हवं. मी म्हटलं, दोन ओळींचा प्रश्न आहे, त्या दिवशी मी घरी आजारी होतो एवढंच त्याने लिहायचं, त्यात त्याचं काय जातं? मला तेव्हा कामावर सगळ्या गोष्टींची उत्तरं मिळत होती. गुडघा आज साठ अंश वाकतो तर पुढच्या महिन्यात नव्वद. बाकीचंही तसंच असतं असं मला वाटत होतं. मी त्या मुलीला फोन केला. तिला फार आनंद झाला. वडिलांचा जुना सोबती येणार म्हणून. कशासाठी ते मी सांगितलं नाही. वाटलं, समोरासमोर बरं पडेल.

आम्ही ट्रेनने गेलो. त्याने टाय लावला होता आणि बूट आरशासारखे चमकवले होते. स्टेशनवरून टॅक्सी केली. त्या दुसऱ्या माणसाचं घर मोठं, ऊबदार होतं. तो खिडकीशी खुर्चीत बसला होता. उंच, अजूनही देखणा, गुडघ्यांवर शाल. दोघांनी बराच वेळ एकमेकांचे हात धरून ठेवले. मुलीने चहा आणि केक आणला. भिंतीवर एक चौकट होती, तिच्यात कपच्या सामन्याचं ते छापील पत्रक, त्याच्या नावाखाली पेन्सिलने बारीक रेघ.

मी ते बघतेय हे मुलीला दिसलं. ती म्हणाली, “बाबा, यांना सांगा ना ती सत्तर मिनिटांची गोष्ट.”

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि सांगायला लागला. विसावं मिनिट, चिखल, अडकलेला पाय. गार स्पंज. डावी कड. बॉल तीनदा आला. खांबाला लागून परतला. आणि कठड्यापलीकडच्या माणसाने दिलेली पेपरमिंटची गोळी.

गोळीची गोष्ट पेपरात नव्हती, पत्रकात नव्हती. म्हातारा दवाखान्यात असताना हा दुसरा त्याला भेटायला आला होता, द्राक्षं घेऊन, आणि तेव्हा म्हाताऱ्याने ती त्याला सांगितली होती. मला हे आधीच माहीत होतं, कारण ती द्राक्षंसुद्धा मला एका व्यायामाच्या वेळी सांगून झाली होती.

मी म्हाताऱ्याकडे बघितलं. मला वाटलं आता बोलेल. तो बशीतला केक चमच्याने बारीक करत होता. मुलगी म्हणाली की आमची मुलं ही गोष्ट ऐकत मोठी झाली, शाळेत निबंध लिहिला होता थोरलीने. मग तिने कौतुकाने याला विचारलं, “तुम्ही होता का हो तिथे त्या दिवशी?”

“होतो,” तो म्हणाला. “बघितलंय मी सगळं.”

मी तोंड उघडलं होतं. त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला, अगदी हलका. कागद माझ्या पर्समध्येच राहिला. मी मजकूर आधीच टाईप करून नेला होता, खाली सहीला जागा ठेवून.

निघताना तो दुसरा उठून दारापर्यंत आला. मुलगी टॅक्सी आली का बघायला बाहेर गेली होती. त्याने याच्या कोपराला धरलं आणि हळूच विचारलं, “गुडघा कसा आहे तुझा?”

“नवीन बसवलाय,” हा म्हणाला. “छान आहे.”

परतीच्या ट्रेनमध्ये मी माफी मागितली. मग रागाच्या भरात म्हणाले की त्या दुसऱ्याचं डोकं फिरलंय, म्हातारपणी असं होतं, दुसऱ्याच्या आठवणी आपल्या वाटायला लागतात.

“नाही,” तो म्हणाला. “त्याला सगळं माहितेय. पण आता मुलीसमोर काय बोलणार तो?” मग म्हणाला, “तो चांगला खेळाडू होता. दीडशे सामने खेळला. त्यातला एकही कोणाला आठवत नाही. माझा एकच आठवतो.”

मी म्हटलं, आपण क्लबला पुन्हा लिहू, मी साक्ष देईन. तो नाही म्हणाला. म्हणाला, ते पुस्तक घरी आणायलाच नको होतं.

त्यानंतर मी महिन्याभराने गेले तेव्हा तो पंधरा-वीस वर्षांनी म्हातारा दिसत होता असं मी लिहिलं तर खोटं होईल. तसाच दिसत होता. फक्त व्यायाम बंद केले होते. गुडघा पुन्हा आखडायला लागला होता. मी वाकवून पाहिला तर मिळवलेल्यातलं बरंच गेलं होतं. उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख आली होती, ती त्याने फोन करून रद्द केली होती. मी वाद घातला, समजावलं, चिडले. तो शांतपणे म्हणाला की डक, चालून जायचं कुठे आहे मला? दुकानापर्यंत, असं मी म्हटलं. दुकानातलं सामान शेजारीण आणते, तो म्हणाला.

माझं जाणं कमी झालं. माझी दुसऱ्या टीममध्ये बदली झाली, मग मला मुलगी झाली. दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात तो स्वयंपाकघरात पडला. शेजारणीने मला फोन केला. तो आमच्याच हॉस्पिटलमध्ये होता, खुब्याचं हाड मोडून. मी वॉर्डात गेले तर त्याने मला ओळखलं, पण माझ्या कामाची आठवण त्याला राहिली नव्हती. मी पलंगाशी उभी राहिले तर त्याने सवयीने पाय पुढे केला नाही. त्याला न्यूमोनिया झाला. आठ दिवसांत गेला.

दहनाला आम्ही सहा जण होतो. शेजारीण, तिचा नवरा, एक लांबची भाची, कारखान्यातले दोन जण आणि मी. गेलेल्या माणसाविषयी चार शब्द बोलायला नेमलेल्या बाईंनी भाचीने दिलेल्या कागदावरून वाचलं की तरुणपणी त्यांना फुटबॉलची आवड होती. मी उठून दुरुस्त करू शकले असते. मनात सगळी वाक्यं जुळवलीही होती, पण परक्या देशात, परक्या माणसांत, माझं इंग्रजी आणि माझा रडका आवाज, मी बसून राहिले. वीस मिनिटांत झालं. बाहेर पुढच्या दहनाला आलेल्यांच्या गाड्या थांबल्या होत्या.

मी क्लबला एकदा लिहिलं, तो गेल्याचं, आणि सामन्याचंही. सेक्रेटरी बदलला होता. त्याचं उत्तर आलं नाही.

त्यानंतरच्या वसंतात तो बर्मिंगहॅमचा माणूसही वारला. आमच्या स्टाफरूममध्ये जेवणाच्या सुट्टीत एक सहकारी पेपर वाचत होता, फुटबॉलवेडा, मनाने चांगला. त्याने वाचून दाखवलं: छोट्या क्लबाचा लेफ्ट हाफ, कपच्या सामन्यात फाटलेल्या गुडघ्यानिशी सत्तर मिनिटं खेळला. म्हणाला, काय माणसं होती बघ, आणि आपले पेशंट दुसऱ्या दिवशी उभे राहायला रडतात.

मी म्हटलं, तो तो नव्हता.

“मग कोण?” त्याने विचारलं.

मी नाव सांगितलं. त्याने ते दोनदा म्हणून पाहिलं, कुठे ऐकलंय का ते आठवत. नाही म्हणाला, हे नाव कधी ऐकलं नाही. खात्री आहे का तुझी? मी म्हटलं, हो, मी त्याचा गुडघा बघितलाय. तो हसला, त्याला वाटलं मी विनोद केला. एक वाजला होता. त्याने पेपर घडी करून टेबलावर ठेवला, डब्याचं झाकण लावलं आणि पुढचा पेशंट घ्यायला गेला.